माणसाचा अंगीकार

इसवी सन 57 च्या सुमारास, करिंथ शहरी मुक्कामाला असताना, पौलाने रोम येथील ख्रिस्ती मंडळ्यांना जे दीर्घ पत्र लिहिले, त्याची पहिली अकरा प्रकरणे वाचणारा मनुष्य तत्त्वचिंतनाच्या अशा उंचीवर जाऊन पोहोचतो की, चौदाव्या प्रकरणात भाजी खावी की मांस खावे, अमुक दिवस पाळावा की सर्व दिवस सारखे मानावेत, असला स्वयंपाकघरातला तंटा समोर आला म्हणजे तो काहीसा गोंधळतो. तथापि साऱ्या पत्राचा भार पौलाने शेवटी याच तंट्यापाशी आणून टेकवला आहे, असे माझे नम्र मत आहे. क्लौद्य कैसराने इ. स. 49 च्या सुमारास यहुद्यांना रोममधून हद्दपार करण्याचे फर्मान काढले होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य त्याच हुकमामुळे करिंथास येऊन राहिले, ही गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. सन 54 मध्ये हा बादशहा वारला आणि हद्दपार झालेले लोक हळूहळू परतू लागले. मधल्या काळात मंडळ्यांचा कारभार यहुदीतर विश्वासणाऱ्यांच्या हाती गेला असावा, आणि जे परतले त्यांना आपल्याच घरात परके होऊन बसण्याची वेळ आली असावी, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. आणि तो पत्रातील मजकुराशी उत्तम जुळतो. मोशेच्या नियमशास्त्रात वाढलेल्या मनुष्याला बाजारातल्या मांसाचा विटाळ वाटे, म्हणून तो शाकभाजीवर राही. दुसरा निर्धास्तपणे जेवी, आणि पहिल्याच्या भित्रेपणाची कीव करी.

या वादात पौलाला स्वतःचे मत नव्हते असे मुळीच नाही. कोणताही पदार्थ मूळचा अशुद्ध नाही, हे तो स्पष्टपणे सांगतो आणि आपली गणना सबळांत करतो. मनात आणले असते तर एका वाक्यात निवाडा देऊन त्याला प्रकरण दप्तरी दाखल करता आले असते. परंतु त्याने निवाड्याआधी नाते घातले. ख्रिस्ताने तुमचा अंगीकार केला, तसाच तुम्हीही एकमेकांचा करा, हा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. आणि ज्या क्रमाने तो ही गोष्ट मांडतो, त्या क्रमातच आपल्या प्रस्तुत विषयाचे सर्व मर्म आहे. मते जुळल्यावर मनुष्याला जवळ करणे हे कोणीही करतो. मते जुळण्यापूर्वी, दोष जाण्यापूर्वी, सवयी बदलण्यापूर्वी, किंबहुना त्या कधी बदलतील याची काडीमात्र हमी नसताना, त्याला आपल्यात पुरती जागा देणे, हे ख्रिस्ती मनुष्याकडून अपेक्षित आहे. हा अंगीकार म्हणजे पसंती नव्हे आणि आवडही नव्हे. आवड आपल्या हातात नसते. जागा देणे हातात असते.

वाचकाने प्रथम काय करावे, तर या प्रकरणातील दोन माणसांपैकी आपण कोण, हे शोधून काढावे. कारण पौलाने दोघांना दोन निरनिराळे रोग सांगितले आहेत. ज्याला अधिक मोकळीक आहे तो दुसऱ्याला तुच्छ लेखतो. जो अधिक काटेकोर आहे तो दुसऱ्याला दोषी ठरवतो. पहिल्याच्या ओठांवर हसू असते आणि दुसऱ्याच्या कपाळाला आठी असते, पण समोरच्या मनुष्याचा अवमान दोन्हींत सारखाच होतो. आपल्या मराठी मंडळ्यांतून हे दृश्य शोधायला फार दूर जावे लागत नाही. उपासनेत टाळ-मृदंगावर भजन म्हणावे की पेटीवर जुनी गीते गावीत; विवाहित स्त्रीने मंगळसूत्र घालावे की नाही; शेजाऱ्याकडून आलेले दिवाळीचे ताट घ्यावे की परत करावे; टाळ्या वाजवून प्रार्थना करणाऱ्यांना उथळ म्हणावे की शांत बसणाऱ्यांना निर्जीव म्हणावे; या प्रत्येक प्रश्नात एक तुच्छ लेखणारा आणि एक दोषी ठरवणारा हटकून सापडतो. ज्याला असे वाटते की आपण यांपैकी कोणीच नाही, त्याने गेल्या काही आठवड्यांत कोणाविषयी बोलताना आपला स्वर बदलला होता, एवढेच आठवून पाहावे. उत्तर बहुधा तिथेच मिळते.

रोग कळल्यावर उपचाराचा मार्ग पौल मोठ्या व्यवहारज्ञानाने सांगतो. नव्याने आलेल्या अथवा दुर्बळ वाटणाऱ्या मनुष्याला घरात घ्यावे, पण त्याच्या मतांची चौकशी आरंभण्यासाठी घेऊ नये. ही सूचना मला अत्यंत महत्त्वाची वाटते. कोणी मनुष्य प्रथमच उपासनेला आला, किंवा सून म्हणून घरात आली, किंवा पुष्कळ वर्षांनी भाऊ गावाकडून परतला, की आपण पहिल्याच भेटीत त्याचा दाखला मागू लागतो: बाप्तिस्मा कुठे झाला, कोणत्या पंथाचे, मूळचे कोण, हे अजून सोडले नाही का, ते अजून करता का. हे प्रश्न विचारणाऱ्याला कुतूहलाचे वाटतात. ऐकणाऱ्याला ते चावडीवरचे वाटतात. म्हणून पहिल्या भेटी विचारपुशीच्या असाव्यात, तपासणीच्या नसाव्यात. प्रकृती, प्रवास, मुले, काम यांविषयी बोलावे, चहा द्यावा, पुन्हा येण्याचे अगत्याने सांगावे. श्रद्धेचा विषय त्याने काढला तर मन लावून ऐकावे, आणि त्याचे म्हणणे पुरते संपेपर्यंत आपले उत्तर मनात जुळवू नये.

दुसरी सूचना अधिक कष्टाची आहे. जो सबळ आहे त्याने आपल्या मोकळिकीचा हक्क दुसऱ्यासमोर बजावू नये, असे पौल सांगतो. आपल्या खाण्याने भावाच्या मनाला जखम होत असेल तर ते खाणेच त्याच्यासमोर सोडावे. याचा अर्थ दुर्बळाची हुकूमत सर्वांनी कायमची शिरावर घ्यावी असा नव्हे. आपली खातरी देवासमोर आपल्यापाशी ठेवावी, असेही तोच सांगतो. पण सासरेबुवा उपवासकाळ कडकपणे पाळत असताना सुनेने मुद्दाम त्यांच्यासमोर मटण शिजवून आपल्या ख्रिस्ती स्वातंत्र्याचा पुरावा द्यावा, यात स्वातंत्र्य कमी आणि लढाई अधिक असते. आणि त्याच न्यायाने, सुनेच्या ताटात डोकावून तिच्या भक्तीचे मोजमाप करण्याचा अधिकार सासऱ्यांनाही कोणी बहाल केलेला नाही.

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. सर्वांना जसे आहेत तसे घेतले तर पापाला पाप कोण म्हणणार? या शंकेचे उत्तर यरीहोच्या रस्त्यावर मिळते. जक्कय हा मुख्य जकातदार होता. रोमी सत्तेच्या वसुलीत आपला हात ओला करून घेणारा म्हणून गावाने त्याला वाळीत टाकल्यासारखेच केले होते. प्रभू त्याला पाहण्यासाठी थांबला, उंबराच्या झाडावरून खाली बोलावले, आणि मी आज तुझ्याच घरी उतरणार असे सर्व लोकांदेखत सांगितले. त्या क्षणापर्यंत जक्कयाने पश्चात्तापाचे एक अक्षरही उच्चारले नव्हते. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देण्याची आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची त्याची प्रतिज्ञा अंगीकारानंतरची आहे. जकातीचा जुलूम योग्य होता, असे प्रभूने कोठेही म्हटलेले नाही. त्याने फक्त मनुष्याच्या घरात जाण्यापूर्वी त्याच्या हिशेबाची वही मागितली नाही. लोक कुरकुरले, कारण त्यांना हा क्रम उलटा हवा होता: आधी चौपट परतफेड, मग पाहुणचार. आपल्यापैकी बहुतेकांनाही तसाच हवा असतो.

ज्यांच्या घरी दारूच्या आहारी गेलेला मुलगा आहे, किंवा ज्यांच्या मुलीने धर्माबाहेर लग्न केले आहे, अशा आईबापांना या क्रमाचा उपयोग असा करता येईल. आपले मत एकदा, स्वच्छ शब्दांत, रागावाचून सांगावे. ते सांगून झाले म्हणजे पुन्हा पुन्हा सांगू नये. कारण दहाव्यांदा सांगितलेल्या मताने मुलाला नवे काही कळत नाही, फक्त घरी येणे नकोसे होते. नाताळला निरोप धाडावा. मुलगी नवऱ्यासह आली तर जावयाला जावयाचा मान द्यावा, त्याच्या नावाने हाक मारावी, नातवंडांना उचलून घ्यावे, आणि त्यांच्या बाप्तिस्म्याचा विषय जेवणाच्या पंक्तीत काढू नये. मुलासाठी ताट वाढावे. पैसे मात्र हाती देऊ नयेत. ताट आणि पैसे यांतला हा भेद ज्यांना कळला, त्यांना स्वीकार आणि संमती यांतला भेद कळला असे समजावे.

आता बर्णबाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण नव्या करारात अंगीकाराची कला त्याच्याइतकी कोणाला साधलेली दिसत नाही आणि त्याच्यावर प्रवचने मात्र फार थोडी होतात. शौल, म्हणजेच पुढचा पौल, हा ख्रिस्ती लोकांना धरून तुरुंगात टाकणारा मनुष्य धर्मांतर करून यरुशलेमेत आला, तेव्हा तेथील शिष्य त्याला भ्याले. तो खरोखर शिष्य झाला आहे हे त्यांना पटेना. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले आणि त्याची हकीकत स्वतः त्यांना सांगितली. म्हणजे तो त्याला जामीन राहिला. पुढे बर्णबाचाच नातलग योहान मार्क हा या दोघांच्या पहिल्या सुवार्ताप्रवासात पंफुल्यातून अर्ध्यावर माघारी गेला. दुसऱ्या प्रवासाची मसलत चालली तेव्हा बर्णबाने मार्काला बरोबर घ्यावे म्हटले, पौलाने साफ नकार दिला, आणि हा मतभेद इतका विकोपाला गेला की ज्याला एकेकाळी बर्णबाने जवळ केले होते तो पौल सीलाला घेऊन एका वाटेने गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. शास्त्राने हे भांडण झाकून ठेवले नाही, याबद्दल मला नेहमी कृतज्ञता वाटते. पौलाची बाजू निराधार नव्हती. संकटात पळालेल्या मनुष्यावर मोहीम सोपवावी कशी? पण बर्णबा त्या मनुष्याबरोबर राहिला. पुढे कलस्सैकरांस लिहिताना, मार्क तुमच्याकडे आला तर त्याचा अंगीकार करा अशी शिफारस आढळते. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, बंदिवासातला पौल मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे कळवतो. मधल्या वर्षांत कुप्रात काय घडले, हे कोठेही लिहिलेले नाही. परंतु कोणीतरी त्या तरुणाला पुन्हा उभे राहण्याइतका अवकाश दिला, एवढे निश्चित.

यातून कृतीचा एक पाठ सहज घेता येतो. आपल्या मंडळीत, कचेरीत अथवा कुटुंबात ज्याचे नाव एकदा बद्दू झाले आहे असा कोणी मनुष्य असेल, तर त्याला चारचौघांत आपल्याजवळ बसवावे, आणि त्याच्या क्षमतेला पेलेल असे एखादे लहान पण खरे काम द्यावे: गीतपुस्तके वाटण्याचे, आजाऱ्यांना भेटायला बरोबर येण्याचे, वर्गणीची यादी तयार करण्याचे. मोठी जबाबदारी देऊन त्याची परीक्षा पाहू नये आणि बिनकामाचा ठेवून त्याला रोज त्याच्या चुकीची आठवण देऊ नये. त्याची जुनी कथा कोणी नवख्याला सांगू लागला, तर ती तेथेच थांबवावी.

या शेवटच्या गोष्टीसाठी जर्मनीतील एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दीट्रिख बोनहोफर याने 1935 पासून फिंकेनवाल्डे येथे तरुण पाळकांचे एक विद्यालय चालवले. 1937 मध्ये नाझी राजवटीच्या गुप्त पोलिसांनी ते बंद पाडले. तेथे एकत्र राहणाऱ्यांसाठी असा एक नियम होता की, सोबत्याविषयी त्याच्या पाठीमागे काही बोलायचे नाही, आणि बोलणे घडलेच तर ते त्याच्याजवळ जाऊन सांगायचे. हा नियम पूर्णांशाने पाळणे कोणाला साधत नसे. तरी त्याने तेथील लोकांना जवळजवळ प्रवचनांइतकेच शिकवले, अशी आठवण तेथील विद्यार्थ्यांकडून सांगितली जाते. बोनहोफरने पुढे 1939 मध्ये सहजीवनावर जे लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात एक विचार मांडला आहे तो असा: जो मनुष्य ख्रिस्ती समाजाविषयीच्या आपल्या स्वप्नावर प्रत्यक्ष समाजापेक्षा अधिक प्रेम करतो, तो हेतू कितीही शुद्ध असला तरी त्या समाजाचा नाश करतो. मंडळीतील माणसे आपल्या कल्पनेतील माणसांसारखी नाहीत म्हणून जे सतत खिन्न असतात, त्यांनी यावर विचार करावा. वाचकाने हा फिंकेनवाल्डेचा नियम आपल्या घरी एक आठवडा पाळून पाहावा, असे मी सुचवतो.

महाराष्ट्रात या विषयाची आठवण काढावी आणि लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होऊ नये, हे शक्य नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ब्राह्मण घरातील त्या स्त्रीवर जे आकाश कोसळले त्याची कहाणी ‘स्मृतिचित्रे’त तिने स्वतः सांगितली आहे. मध्ये वियोगाचा काळ गेला. पुढे त्या पतीजवळ येऊन राहिल्या, परंतु आपला धर्म आणि आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही. एकाच संसारात पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळ्यात, हा प्रकार दोन्ही समाजांना चमत्कारिक वाटला असेल. पण 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने घेतला, आणि जातिभेद टाकला तोही स्वतःच्या विचाराने टाकला. ज्यांच्या घरात आज श्रद्धेचा भेद आहे त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. टिळक स्वभावाने तापट होते, विरक्तीच्या लहरीत संसार विस्कटून टाकीत, हे लक्ष्मीबाई लपवत नाहीत. आणि तरीही त्या पुस्तकात पतीविषयी कडवटपणा साचलेला आढळत नाही. दुसऱ्याचे दोष स्पष्ट पाहणे आणि त्याच्याबरोबर संसार करणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचे याहून चांगले मराठी प्रमाण मला ठाऊक नाही.

असा सगळा सहनशीलतेचा उपदेश करणारा पौल एका बाबतीत मात्र तसूभर मागे सरला नाही, आणि ती बाब आपल्या देशातील ख्रिस्ती लोकांना विशेष लागू आहे. अंत्युखियात पेत्र यहुदीतरांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो भिऊन त्या पंक्तीतून उठला, आणि बर्णबासुद्धा त्याच्यामागून गेला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर बोल लावला. तुम्ही काय खाता हे त्याने ज्याच्या त्याच्या सद्‌सद्विवेकावर सोपवले होते. कोणाबरोबर जेवणार नाही हे मात्र सोपवले नाही. आता आपल्याकडे पाहावे. गोव्यात बामण आणि चाड्डो हे जातींचे भेद धर्मांतरानंतर शतकानुशतके टिकले, आणि काही चर्चांच्या कॉन्फ्रारींत, म्हणजे भाविकांच्या संघांत, कोणाला प्रवेश मिळावा हे जातीवरून ठरत आले. देशावरील मंडळ्यांत प्रभुभोजनाचा प्याला एक असतो, परंतु सोयरीक जुळवताना मूळ कुठले ही चौकशी दबक्या आवाजात होते. ज्याने रोज समतेची प्रार्थना केली त्यानेच आपल्या मुलासाठी आलेले स्थळ केवळ पूर्वजांच्या जातीवरून परत पाठवले, तर त्याचा अंगीकार प्रार्थनामंदिराच्या पायरीपाशी संपला असे म्हणणे प्राप्त आहे. येथे सौम्य शब्द वापरण्याची मला इच्छा नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी ही चौकशी केली तर तरुणांनी ती आदरपूर्वक परंतु उघडपणे नाकारावी, आणि पाळकांनी लग्नाच्या आधीच्या भेटीत हा विषय स्वतः काढावा.

मर्यादेचा प्रश्न उरतो, आणि त्यात फार बोलण्यासारखे नाही. परंतु जे आहे ते निःसंदिग्ध असले पाहिजे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला जसा आहे तसा स्वीकार, असे सांगून कोणत्याही स्त्रीला परत त्या घरी पाठवू नये. मुलांना ज्याच्यापासून धोका आहे अशा मनुष्याच्या हाती रविवारची शाळा देऊ नये आणि असे प्रकरण कळले तर पोलिसांत कळवावे. मंडळीची अब्रू हे त्यास उत्तर नव्हे. निधीचा अपहार करणाऱ्याला क्षमा करावी, किल्ली मात्र परत करू नये. मत्तयाच्या अठराव्या प्रकरणात प्रभूने अपराध करणाऱ्या भावासाठी जो क्रम घालून दिला आहे, प्रथम एकांतात, मग दोघातिघांसमक्ष, मग मंडळीपुढे, तो शेजाऱ्यांतील सामान्य अपराधांसाठी पुरेसा आहे. परंतु जेथे दुर्बळाच्या जिवाला भय आहे तेथे प्रथम दुर्बळाला सुरक्षित ठिकाणी हलवावे आणि मग बाकीचे पाहावे. संरक्षण देणे हाही अंगीकारच आहे, आणि ज्याला मार बसला त्याला तो आधी देणे आहे.

शेवटी ज्यांना स्वतःलाच कोठे जागा मिळालेली नाही, त्यांच्यासाठी. तुमचे कुटुंब दुसऱ्या पंथाचे म्हणून, तुमचा विवाह मोडला म्हणून, मन आजारी पडले म्हणून, किंवा नुसतेच गरीब आहात म्हणून तुम्हांला मागच्या बाकावर एकटे सोडले जात असेल, तर सर्व मंडळीचे मन वळवण्याच्या खटपटीला लागू नका. एखादे बर्णबाच्या स्वभावाचे माणूस हेरा. ते बहुधा व्यासपीठावर नसते, भगिनी मंडळाच्या स्वयंपाकात किंवा दवाखान्याच्या रांगेत आढळते. त्याला आपली खरी परिस्थिती एकदा सांगा आणि घरी जेवायला बोलवा. वर्षभर असे एकही माणूस सापडले नाही, तर जवळच्या दुसऱ्या मंडळीत जाण्यात कोणताही दोष नाही. जाताना पाळकाला भेटून कारण मात्र स्पष्ट सांगून जा, म्हणजे तुमच्यामागून त्या बाकावर येऊन बसणाऱ्याच्या वाट्याला तेच येऊ नये.